सामाईक लायब्ररीची निगा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मेनफ्रेमवरच्या लिनक्ससाठी लिहिलेली छोटी टूल्स आणि त्या सगळ्यांच्या पोटात असलेली एकच ‘युटिलिटी’ लायब्ररी (म्हणजे सगळ्या टूल्सनी वापरायच्या फंक्शन्सचा संच), या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि ठाण्याहूनही पत्रे आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आहे. काही उत्तरे लांबली, कारण चूक दिसते एका जागी आणि असते दुसऱ्याच जागी.

प्रश्न : आमच्याकडे सी भाषेतली चौदा टूल्स आहेत. सिसएफएसमधली (कर्नल उपकरणांची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथली) फाइल वाचणारे फंक्शन प्रत्येकात थोड्या फरकाने पुन्हा लिहिलेले आहे. एक लायब्ररी करायची ठरली आहे. तिच्यात काय घ्यावे आणि काय टाळावे? — ऐरोली

उत्तर : तीन टूल्सना लागते ते घ्या. एकालाच लागते ते त्या टूलमध्येच राहू द्या. दोघांना लागते त्याची घाई करू नका, कारण दोन उदाहरणांवरून फंक्शनचा खरा आकार कळत नाही. तिसरे टूल आले की कोणती गोष्ट पॅरामीटर व्हायला हवी ते दिसते.

आयबीएमच्या एस३९०-टूल्स या मुक्त संचाची रचना नमुना म्हणून पाहा. त्यातल्या लिबयूटिलमध्ये कमांड लाइनचे पर्याय वाचणे, मदत आणि आवृत्ती छापणे, फाइल व पाथ हाताळणे, मेमरी मागणे, लिंक्ड लिस्ट, तक्ता छापणे, लॉकफाइल अशी कोणत्याही टूलला लागणारी कामे आहेत. मेनफ्रेमच्या डॅझडी डिस्कचे काम लिबडॅझडीत आणि डिस्कवरच्या व्हीटॉकचे (डिस्कवर काय कुठे आहे त्या यादीचे) काम लिबव्हीटॉकमध्ये वेगळे ठेवले आहे. तुम्हीही हीच रेघ ओढा. सामान्य लायब्ररीत उपकरणाचे नाव दिसू लागले की ती फुगायला लागली असे समजा.

त्यातली फंक्शन्स तशीच घेता येतात. २०१७ साली आवृत्ती २.०.० पासून तो संच एमआयटी परवान्याखाली आहे. कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर तेवढा सोबत ठेवावा लागतो. तो काढून टाकू नका.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवा. पहिली, चूक झाल्यावर लायब्ररीने काय करायचे. मेमरी मिळाली नाही तर संदेश छापून थेट बाहेर पडणे छोट्या टूलसाठी योग्य आहे, त्यामुळे प्रत्येक कॉलनंतरची तपासणी वाचते. फाइल वाचता आली नाही तर मात्र लायब्ररीने कधीही बाहेर पडू नये, चूक परत करावी. यादी केल्यापासून वाचेपर्यंतच्या क्षणात उपकरण काढले गेलेले असू शकते. वीस उपकरणांच्या यादीत एक गायब झाले म्हणून उरलेली एकोणीस दाखवायची राहू नयेत.

दुसरी गोष्ट नावाची. लायब्ररीचे नाव नुसते ‘यूटिल’ ठेवून ती लिंकरच्या ‘-एल’ पर्यायाने जोडायला जाऊ नका. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीची त्याच नावाची लायब्ररी युनिक्सच्या जुन्या काळापासून आहे, तिच्यात सूडो-टर्मिनलची फंक्शन्स असत. २०२१ च्या जीलिबसी २.३४ पासून ती मुख्य लायब्ररीत विलीन झाली, पण त्या नावाची रिकामी फाइल अजून असते. शोधाच्या यादीत ती आधी आली तर लिंकर तीच उचलतो आणि तुमची फंक्शन्स सापडत नाहीत म्हणतो. लायब्ररीचा पूर्ण पाथ द्या किंवा वेगळे नाव ठेवा. प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी तुमचा स्वतःचा उपसर्गही लावा.

प्रश्न : पर्याय वाचणारा भाग आम्ही नुकताच लायब्ररीत हलवला. लॅपटॉपवर सगळे नीट चालते. मेनफ्रेमवर एक टूल सुरू झाले की संपतच नाही, सीपीयू शंभर टक्के होतो. दुसरे टूल पर्याय बरोबर दिले तरी मदतीचा मजकूर छापून बंद पडते. दोन्हींत एकच लायब्ररी आहे. — वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : दोन्ही लक्षणांचे मूळ एकच असणार. गेटऑप्ट-लाँग या पर्याय वाचणाऱ्या फंक्शनचे उत्तर तुम्ही ‘कॅर’ या एका बाइटच्या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये घेत आहात. पर्याय संपले की ते फंक्शन उणे एक देते. तुमच्या लॅपटॉपच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर ‘कॅर’ चिन्हासहित असतो, त्यामुळे उणे एक उणे एकच राहतो. मेनफ्रेमच्या एस३९०-एक्स रचनेत साधा ‘कॅर’ बिनचिन्हाचा असतो. तिथे उणे एकचे २५५ होतात, ‘उणे एक येईपर्यंत फिरत राहा’ ही अट कधीच पुरी होत नाही आणि लूप चालूच राहतो. ज्या टूलच्या स्विचमध्ये ‘अनोळखी पर्याय आला तर मदत छापून बाहेर पड’ अशी डिफॉल्ट शाखा आहे, ते २५५ ला अनोळखी पर्याय समजून मदत छापते. ज्यात ती शाखा नाही, ते फिरत बसते.

उपाय एका शब्दाचा आहे : व्हेरिएबल ‘इंट’ करा. पण तेवढ्यावर थांबू नका. फाइलमधून एकेक अक्षर वाचून ‘फाइल संपली’ हे तपासणारी सगळी ठिकाणे शोधा, तिथेही हीच चूक दडलेली असते.

ही चूक लॅपटॉपवरच पकडता येते. जीसीसीला साधा ‘कॅर’ बिनचिन्हाचा धरायला सांगणारा पर्याय आहे (‘-एफ-अनसाइन्ड-कॅर’). तो आणि जादा इशाऱ्यांचा ‘-डब्ल्यू-एक्स्ट्रा’ लावून एकदा पूर्ण बिल्ड करा. ‘ही तुलना नेहमीच खरी ठरते’ अशा अर्थाचा इशारा आला की ती ओळ सुधारा. रोजच्या बिल्डमध्ये ही एक फेरी कायमची ठेवावी असे आम्ही आग्रहाने सांगतो. तिला वेळ फार लागत नाही आणि प्रॉडक्शनवरच्या रात्री वाचतात.

प्रश्न : उपकरणांची संख्या ५ असताना आमचे टूल २१४७४८३६४८० दाखवते. हा आकडा येतो कुठून? — घणसोली

उत्तर : ५ ला ४२९४९६७२९६ ने गुणून पाहा, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताने. तोच आकडा येतो. लायब्ररीचे फंक्शन चार बाइटच्या ‘इंट’मध्ये लिहिते आणि कोणीतरी त्याला आठ बाइटच्या ‘लाँग’चा पत्ता कास्ट करून (म्हणजे त्याचा प्रकार बळेच बदलून) दिला आहे. इंटेल प्रोसेसर लिटल-एंडियन आहे, तिथे ते चार बाइट संख्येच्या खालच्या भागात पडतात आणि उत्तर योगायोगाने बरोबर येते. मेनफ्रेम बिग-एंडियन आहे, तिथे तेच चार बाइट वरच्या भागात पडतात.

कास्ट काढा म्हणजे कंपायलर स्वतःच बोट दाखवेल. कास्टने आजचा इशारा बंद होतो, चूक तिथेच राहते. लायब्ररीत ‘इंट’, ‘लाँग’ आणि बिनचिन्हाच्या ‘लाँग’साठी वेगवेगळी फंक्शन्स ठेवा आणि ‘व्हॉइड’ पॉइंटर घेणारे सर्वसमावेशक फंक्शन मुळीच देऊ नका.

प्रश्न : ३३९० मॉडेल ३ डिस्कची क्षमता आमच्या टूलमध्ये उणे १८३३१८९३७६ बाइट दिसते. छोट्या डिस्कवर आकडा बरोबर येतो. — कोपरखैरणे

उत्तर : गणित मांडून पाहू. मॉडेल ३ मध्ये ३३३९ सिलिंडर, प्रत्येकात १५ ट्रॅक, आणि ४०९६ बाइटचे ब्लॉक धरले तर एका ट्रॅकवर १२ ब्लॉक. गुणाकार येतो २४६१७७७९२०. चार बाइटच्या चिन्हासहित ‘इंट’ची मर्यादा २१४७४८३६४७ आहे, ती ओलांडली म्हणून आकडा उणे झाला. काही जण इथे बिनचिन्हाचा ‘इंट’ करून मोकळे होतात. मॉडेल ९ येताच ते पुन्हा फसतात. १००१७ सिलिंडरचे ७३८५३३३७६० बाइट होतात आणि बिनचिन्हाची मर्यादा ४२९४९६७२९५ च आहे.

उत्तराचे व्हेरिएबल ६४ बिटचे केले तरी पुरत नाही. उजवीकडचे चारही घटक ‘इंट’ असतील तर गुणाकार ३२ बिटांतच होतो आणि बिघडलेला आकडा मग मोठ्या व्हेरिएबलमध्ये जातो. पहिला घटकच ६४ बिटचा करा.

याच फंक्शनात आणखी एक खड्डा असतो. ६५५२० पेक्षा जास्त सिलिंडरच्या डिस्कवर सिलिंडरचा क्रमांक १६ बिटांत मावत नाही. मग त्याचा वरचा भाग हेडच्या १६ बिटांपैकी वरच्या १२ बिटांत ठेवला जातो आणि हेडला खालचे ४ बिट उरतात. ते १२ बिट काढून त्यांना ६५५३६ ने गुणा आणि सिलिंडरच्या १६ बिटांत मिळवा. १५ हेडना ४ बिट पुरतात. प्रत्येक टूलने हे आपापले केले तर कोणीतरी हमखास चुकते आणि ती चूक मोठ्या डिस्कच्या शेवटच्या भागातच दिसते. पत्त्याचे हे रूपांतर एकाच फंक्शनात असावे आणि त्याची चाचणी ६५५१९, ६५५२०, ६५५३५ आणि ६५५३६ या क्रमांकांवर व्हावी.

प्रश्न : व्हॉल्यूमचे नाव वाचणारे फंक्शन लॅपटॉपवरच्या चाचणी फाइलवर चालते, खऱ्या डिस्कवर नुसता कचरा छापते. — रबाळे

उत्तर : डिस्कवरचे लेबल ईबीसीडीआयसी या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात असते. व्हीओएल१ ही चार अक्षरे तिथे हेक्समध्ये ई५, डी६, डी३, एफ१ अशी दिसतात, स्पेस ४० असतो. तुमची चाचणी फाइल आस्कीत लिहिलेली असणार, ती खऱ्या डिस्कच्या बाइटवरून बनवा. आणि ‘ए पासून झेडपर्यंत’ अशी तुलना ईबीसीडीआयसी बाइटवर करू नका. ए ते आय सी१ ते सी९ वर आहेत, जे ते आर डी१ ते डी९ वर, एस ते झेड ई२ ते ई९ वर, आणि मधल्या जागांत अक्षरे नाहीत. आधी रूपांतर, मग तुलना. नावाच्या शेवटचे स्पेसही छाटा.

प्रश्न : लायब्ररी आम्ही शेअर्ड म्हणजे ‘.एसओ’ ठेवली आहे. गेल्या आवृत्तीत एका स्ट्रक्चरच्या शेवटी फक्त एक फील्ड वाढवले. लायब्ररी बदलल्यावर जुनी टूल्स कोअर डंप देऊ लागली, काही मात्र चालतात. शेवटी फील्ड जोडणे सुरक्षित असते ना? आणि मुळात स्टॅटिक (प्रत्येक टूलमध्येच जोडलेली) ठेवावी की शेअर्ड? — वाशी

उत्तर : शेवटी जोडणे सुरक्षित असते ते फक्त स्ट्रक्चरची जागा लायब्ररी स्वतः मागत असेल तेव्हा. समजा जुने स्ट्रक्चर २४ बाइटचे होते आणि नवे ३२ चे झाले. जुने टूल कंपाइल झाले तेव्हा त्याने स्टॅकवर २४ बाइट राखले. नवी लायब्ररी त्या पत्त्यावर ३२ बाइट लिहिते. पुढचे ८ बाइट ज्याचे होते त्याचे नुकसान होते. तिथे रिटर्न ॲड्रेस असेल तर टूल कोसळते. बिनवापराची जागा असेल तर चालून जाते. म्हणून काही टूल्स ‘चालतात’. त्यांच्यावर विसंबू नका, तीही बिघडलेलीच आहेत.

आत्ता करायचे ते असे. जुनी लायब्ररी लगेच परत ठेवा. ठेवताना ‘सीपी’ने जुन्या फाइलवर लिहू नका. ‘सीपी’ तीच फाइल रिकामी करून पुन्हा भरते आणि जे प्रोसेस ती वापरत असतात त्यांच्या पायाखालचा कोड बदलतो, तेही कोसळतात. ‘इन्स्टॉल’ कमांड आधी जुनी फाइल काढते आणि नवी बनवते, किंवा शेजारी वेगळ्या नावाने ठेवून ‘एमव्ही’ने जागेवर आणा. चालू प्रोसेस मग जुन्या फाइलवर शांतपणे चालू राहतात. सतत चालणारी सेवा असेल तर तिला बदल मिळण्यासाठी रीस्टार्ट मात्र करावी लागेल.

मग नव्या लायब्ररीचा सोनेम (फाइलमध्ये नोंदलेले तिचे आवृत्तीसहित नाव) वाढवा, म्हणजे शेवटचा आकडा १ चा २ करा. प्रत्येक टूलच्या फाइलमध्ये आपल्याला कोणता सोनेम हवा याची नोंद असते, ती ‘रीडएल्फ’ला ‘-डी’ (लहान लिपीतला) पर्याय देऊन दिसते. आकडा बदलला की जुनी टूल्स १ उचलतात, नवी २ उचलतात, आणि दोन्ही लायब्ररी एकाच यंत्रावर नांदतात. बदल खरोखर सुसंगत आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. लिबॲबिगेल संचातले ‘एबीआयडिफ’ जुनी आणि नवी फाइल घेऊन कोणते स्ट्रक्चर किती बाइटने वाढले ते सांगते. त्यासाठी दोन्ही फाइलींत डीबग माहिती हवी.

पुढच्यासाठी स्ट्रक्चरची व्याख्या हेडरमधून काढून सी फाइलमध्ये न्या. हेडरमध्ये फक्त नाव ठेवा आणि ‘बनवा’, ‘वाचा’, ‘मोडा’ अशी फंक्शन्स द्या. मग आकार वाढला तरी टूलला कळतही नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आमचे मत स्पष्ट आहे : सगळी टूल्स एकाच सोर्स ट्रीमध्ये असतील आणि एकाच पॅकेजमधून एकत्र बाहेर पडत असतील, तर लायब्ररी स्टॅटिक ठेवा. एस३९०-टूल्समध्ये लिबयूटिल अशीच प्रत्येक टूलमध्ये जोडली जाते. मग एबीआयचा, म्हणजे तयार बायनरींच्या आपसातल्या सुसंगतीचा, प्रश्नच उरत नाही, स्ट्रक्चर आज बदला, सगळी टूल्स आजच नव्याने बनतील. किंमत एवढीच की लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली तर सगळी टूल्स पुन्हा बनवून पाठवावी लागतात, आणि ‘एलडीडी’त ती दिसत नसल्याने कोणत्या टूलमध्ये कोणती आवृत्ती आहे ते ओळखता येत नाही. त्यासाठी लायब्ररीची आवृत्ती टूलच्या ‘व्हर्जन’ पर्यायात छापा. दुसऱ्या विभागाची किंवा बाहेरची टूल्स तुमची लायब्ररी वापरत असतील तरच शेअर्ड करा. तेव्हा ती सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखी होते, व्हॉल्व्ह फिरवण्याआधी सगळ्या मजल्यांना कळवावेच लागते.

प्रश्न : लायब्ररीची फाइल दिली आहे, ‘एनएम’ने पाहिले तर फंक्शन तिच्यात आहे, तरी लिंकर म्हणतो सापडत नाही. — कळवा

उत्तर : क्रम बदला. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि स्टॅटिक लायब्ररीतून तोवर मागितलेल्याच गोष्टी घेतो. ऑब्जेक्ट फाइल आधी, लायब्ररी नंतर. एक लायब्ररी दुसरीवर अवलंबून असेल तर वापरणारी आधी.

प्रश्न : हेडरमधले स्ट्रक्चर बदलले, पण मेकने सगळी टूल्स पुन्हा बनवली नाहीत. एका टूलमध्ये जुना आकार, लायब्ररीत नवा. दरवेळी ‘क्लीन’ करणे हाच उपाय आहे का? — तुर्भे

उत्तर : नाही. जीसीसीला ‘-एमएमडी’ आणि ‘-एमपी’ हे दोन पर्याय द्या. प्रत्येक ऑब्जेक्टसोबत ‘.डी’ शेवट असलेली फाइल तयार होते, कोणते हेडर लागले याची यादी तिच्यात असते. मेकफाइलच्या शेवटी या फाइली इन्क्लूड करा, समोर वजाचे चिन्ह ठेवा म्हणजे पहिल्या बिल्डला त्या नसल्या तरी मेक थांबत नाही. टूलचा नियम लायब्ररीच्या फाइलवरही अवलंबून ठेवा, हे बरेच जण विसरतात.

प्रश्न : डॅझडी ऑनलाइन करणारे आमचे टूल ‘यशस्वी’ म्हणते आणि डिस्क ऑफलाइनच राहते. लॉगमध्येही ताकास तूर लागत नाही. शिवाय ०.०.०१९० हे उपकरण दिले तर भलत्याच क्रमांकावर काम करते. — सीबीडी बेलापूर

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली बफरची. लायब्ररी ‘एफप्रिंटएफ’ने सिसएफएसच्या ‘ऑनलाइन’ फाइलमध्ये १ लिहिते आणि त्याचेच उत्तर तपासते. पण त्या क्षणी तो १ फक्त प्रोग्रामच्या बफरमध्ये गेलेला असतो. कर्नलकडे तो ‘एफक्लोज’च्या वेळी जातो आणि कर्नलचा नकारही तेव्हाच येतो. ‘एफक्लोज’चे उत्तर न तपासणारे टूल नकार ऐकतच नाही. सिसएफएसमध्ये लिहिताना सरळ ‘ओपन’, ‘राइट’ आणि ‘क्लोज’ हे सिस्टिम कॉल वापरा, एकाच ‘राइट’मध्ये पूर्ण मजकूर द्या आणि चुकीचा प्रकार सांगणारा क्रमांक (‘एररनो’) तिथल्या तिथे जपून ठेवा. मध्ये दुसरे काही छापले तर ‘एररनो’ बदलून जातो.

लिहिणे यशस्वी झाले तरी ब्लॉक उपकरणाची फाइल त्याच क्षणी तयार असेल असे नाही, तिच्या सिमलिंक आणि परवानग्या यूडेव्ह ही सेवा नंतर लावते. लगेच फॉरमॅट करायचे असेल तर ‘यूडेव्हएडीएम सेटल’ चालवून थांबा. एक-दोन सेकंदांची झोप टाकणे हा उपाय नव्हे, भार वाढला की तो फसतो.

दुसरी चूक संख्या वाचण्याची आहे. उपकरण क्रमांक नेहमी हेक्समध्ये असतो. तुमची लायब्ररी स्ट्रटोल या मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनला आधार ० देते, म्हणजे ‘तूच ओळख’ असे सांगते. सुरुवातीला शून्य दिसले की ते फंक्शन संख्या ऑक्टल धरते, ९ हा ऑक्टल अंक नाही म्हणून तिथे थांबते आणि ०१९० चे उत्तर १ देते. आधार १६ द्या. शिवाय स्ट्रटोल कुठे थांबले तो पॉइंटर तपासा, पुढे काही अक्षर उरले असेल तर इनपुट नाकारा. झेड-व्हीएमच्या (मेनफ्रेमवर आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीच्या) पाहुण्या यंत्रात १९० ही सीएमएस या तिथल्या प्रणालीच्या सिस्टिम डिस्कची ठरलेली जागा आहे, त्यामुळे ही चूक चाचणीत लवकर दिसायला हवी होती. चाचणीत ती एक ओळ घाला.

वाचण्याबद्दलही एक सूचना. सिसएफएसमधल्या साध्या फाइलींचा आकार ‘स्टॅट’मध्ये ४०९६ दिसतो, आत दोनच बाइट असले तरी. आकार पाहून बफर भरला असे समजू नका, ‘रीड’ने किती दिले ते मोजा आणि शेवटची नवी-ओळ काढा.

प्रश्न : एकच टूल क्रॉनमधून आणि हाताने एकाच वेळी चालले आणि कॉन्फिगरेशन फाइल अर्धी राहिली. लॉकफाइल केली, तर यंत्र अचानक बंद पडल्यावर जुनी लॉकफाइल उरते आणि काहीच चालत नाही. — नौपाडा, ठाणे

उत्तर : ‘फाइल आहे म्हणजे लॉक आहे’ ही पद्धत सोडा. लॉकफाइल उघडा आणि तिच्यावर ‘एफलॉक’ लावा. प्रोसेस कसाही मेला तरी कर्नल तो लॉक सोडतो, मग उरलेली फाइल निरुपद्रवी असते. काम झाल्यावर ती फाइल पुसू नका. एक प्रोसेस जुन्या फाइलवर लॉक धरून आणि दुसरा त्याच नावाच्या नव्या फाइलवर लॉक धरून, असे दोघे एकाच वेळी आत शिरू शकतात. फाइल उघडताना ‘क्लोज-ऑन-एक्झेक’ लावा, नाहीतर टूलने सुरू केलेला दुसरा प्रोग्राम लॉक धरून बसतो. वाट पाहायची तर न थांबणारा ‘एफलॉक’ एक-एक सेकंदाने पाच वेळा करा आणि मग स्पष्ट संदेश देऊन बाहेर पडा.

अर्धी फाइल राहू नये म्हणून त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल लिहा, ‘एफसिंक’ करा आणि मग ‘रीनेम’. दुसऱ्या फाइलसिस्टिमवरून ‘रीनेम’ होत नाही, म्हणून तात्पुरती फाइल टेम्प डिरेक्टरीत ठेवू नका.

प्रश्न : मेनफ्रेम मिळतो तो शनिवारी रात्री दोन तास. बाकी आठवडा लायब्ररी तपासायची कशी? — खारघर

उत्तर : दोन थर करा.

पहिला थर लॅपटॉपवर. डेबियन किंवा उबुंटूवर एस३९०-एक्ससाठीचा जीसीसी क्रॉस कंपायलर पॅकेज म्हणून मिळतो. त्याने लायब्ररीच्या चाचण्या स्टॅटिक बनवा आणि क्यूईएमयू या एम्युलेटरच्या यूजर-मोडमध्ये चालवा. बाइटचा क्रम, बिनचिन्हाचा ‘कॅर’, ‘लाँग’ची लांबी हे सगळे खऱ्या यंत्रासारखे मिळते. वरच्या पत्रांतल्या काही चुका इथेच सापडल्या असत्या. मात्र डॅझडीचे आयऑक्टल (उपकरणाला थेट दिलेल्या आज्ञा) आणि चॅनेलवरचे व्यवहार यात तपासता येत नाहीत, त्यासाठी शनिवारचीच वाट पाहावी लागेल.

दुसरा थर सिसएफएसच्या प्रतीचा. लायब्ररीत सिसएफएसचे मूळ ठिकाण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बदलता येईल अशी सोय करा, म्हणजे टूल खऱ्या झाडाऐवजी तुमच्या डिरेक्टरीतून वाचेल. टूल सेटयूआयडी असेल तर ‘सिक्युअर-गेटएन्व्ह’ वापरा, नाहीतर कोणीही त्याला खोट्या झाडावर वळवेल.

प्रत घेताना ‘टार’ वापरू नका. ‘टार’ ४०९६ बाइटची फाइल अपेक्षित धरतो, आत कमी सापडले की उरलेली जागा शून्य बाइटने भरतो आणि ‘फाइल आकसली’ असा इशारा देतो. त्या प्रतीवर केलेली चाचणी भलत्याच गोष्टीची होते. हव्या त्या फाइली एकेक ‘कॅट’ने वाचून लिहा आणि सिमलिंक सिमलिंकच राहू द्या, कारण कोणते ब्लॉक उपकरण कोणत्या बस-आयडीचे हे त्यांच्यावरूनच कळते. बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या यंत्रावरून प्रत घेत असाल तर डब्ल्यूडब्ल्यूपीएन (स्टोरेज पोर्टचे क्रमांक) आणि व्हॉल्यूमची नावे आधी बदला आणि लेखी परवानगी घ्या.

या झाडात मुद्दाम बिघडलेल्या जागा ठेवा : एक रिकामी फाइल, शेवटी नवी-ओळ नसलेली एक, तुटलेली सिमलिंक एक, आणि ०.०.०१९० व ०.१.०१९० अशी जोडी. शेवटची जोडी क्रम लावणाऱ्या फंक्शनसाठी आहे. नुसत्या उपकरण क्रमांकावर क्रम लावणारी लायब्ररी या दोघांना एकच समजते.

प्रश्न : लायब्ररीतली जुनी फंक्शन्स काढायची आहेत. कोण वापरते ते नक्की माहीत नाही. — घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : एकाच ट्रीमधली टूल्स असतील तर एकाच बदलात फंक्शन काढा आणि सगळे वापर दुरुस्त करा, कंपायलर एकही सोडणार नाही. ‘अर्धे आज, अर्धे नंतर’ यातला ‘नंतर’ क्वचितच येतो. बाहेरचे वापरणारे असतील तर हेडरमध्ये त्या फंक्शनला ‘डेप्रिकेटेड’ खूण लावा आणि संदेशात नव्या फंक्शनचे नाव द्या. जुने फंक्शन नव्याला बोलावणारी दोन ओळींची खोळ करून दोन आवृत्त्या ठेवा. ज्यांच्या बिल्डमध्ये इशारा म्हणजे चूक धरली जाते त्यांना या एका इशाऱ्यापुरती सूट कशी द्यायची ते बदलांच्या नोंदीत लिहा. तयार बायनरी कोण वापरते ते शोधायला सर्व्हरवरच्या प्रत्येक टूलवर ‘एनएम’ला ‘-डी’ (कॅपिटल) पर्याय देऊन त्यातून फंक्शनचे नाव ‘ग्रेप’ करा. स्टॅटिक जोडलेल्या आणि स्ट्रिप केलेल्या टूलमध्ये हे नाव दिसत नाही, तिथे सोर्सच शोधावा लागतो. स्क्रिप्टमधून डीएलओपनने बोलावले असेल, उदाहरणार्थ पायथनच्या सीटाइप्समधून, तर ते ‘एनएम’मध्येही येत नाही. म्हणून क्रॉनची आणि स्क्रिप्टची डिरेक्टरीही त्याच नावासाठी एकदा ‘ग्रेप’ करा.